केळीचे दोन मुलूख: इक्वेडोर आणि खानदेश

दक्षिण अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, वर कोलंबिया आणि पूर्व-दक्षिणेला पेरू यांच्यामध्ये इक्वेडोर हा देश आहे. क्षेत्रफळाने तो महाराष्ट्रापेक्षा लहान. २०२२ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या पावणेदोन कोटींच्याही आत भरली. या आटोपशीर देशात चार वेगवेगळे प्रदेश आहेत. पॅसिफिक महासागराला लागून सखल, दमट किनारपट्टी आहे. मधून अँडीज पर्वताच्या दोन रांगा उत्तर-दक्षिण जातात आणि त्यांच्या बेचक्यात किटो ही राजधानी समुद्रसपाटीपासून सुमारे २,८५० मीटर उंचीवर वसली आहे. पूर्वेला उतरले की ॲमेझॉनचे जंगल लागते. किनाऱ्यापासून सुमारे हजार किलोमीटर आत समुद्रात गालापागोस बेटे आहेत. विषुववृत्त किटो शहराच्या थोडे उत्तरेने जाते. त्यामुळे तिथे उन्हाळा आणि हिवाळा असा भेद जवळपास नाही, दिवस-रात्र बारा-बारा तासांची असतात, आणि हवा थंड की उष्ण हे महिन्यावर नव्हे तर उंचीवर ठरते.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील वाचकाला हा देश दूरचा वाटला तरी त्याचे मुख्य पीक घरचे आहे. जगात सर्वाधिक केळी भारतात पिकते, वर्षाला तीन कोटी टनांहून अधिक. पण ती बहुतेक भारतातच खाल्ली जाते. इक्वेडोरचे उत्पादन याच्या चौथ्या हिश्श्याएवढेही नाही, तरीही निर्यातीत तो गेली सत्तर वर्षे जवळजवळ सतत पहिल्या क्रमांकावर आहे. युरोप, रशिया आणि अमेरिकेच्या दुकानांत दिसणाऱ्या केळींपैकी साधारण प्रत्येक चौथे केळे इक्वेडोरच्या बंदरातून गेलेले असते. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर हे तालुके आणि तापीच्या काठचा शिरपूरचा पट्टा ज्या पिकावर जगतो, त्याच पिकावर एक अख्खा देश कसा उभा राहिला, याचा इतिहास म्हणूनच खानदेशाच्या इतिहासाशेजारी ठेवून पाहण्याजोगा आहे.

केळी मुळात अमेरिकेची नाही. तिचे मूळ आग्नेय आशिया आणि न्यू गिनीच्या परिसरात. भारतात ती प्राचीन काळापासून आहे. इथून आफ्रिकेत आणि पुढे अटलांटिकमधील कॅनरी बेटांत पोहोचली. तिथून १५१६ मध्ये तोमास दे बेर्लांगा नावाच्या स्पॅनिश धर्मगुरूने तिचे कंद कॅरिबियन समुद्रातील सांतो दोमिंगोला नेले, अशी नोंद त्याच शतकातील स्पॅनिश इतिहासकाराने केली आहे. हाच बेर्लांगा पुढे पनामाचा बिशप झाला. १५३५ मध्ये स्पेनच्या राजाच्या हुकमाने तो पेरूकडे निघाला असता वारा पडला आणि सागरी प्रवाहाने त्याचे जहाज भरकटत एका अनोळखी द्वीपसमूहाला नेऊन लावले. १० मार्च १५३५ रोजी घडलेला हा गालापागोसचा शोध. राजाला लिहिलेल्या पत्रात त्याने प्रचंड कासवे, सरडे आणि माणसाला न भिणारे पक्षी यांचे वर्णन केले. गोडे पाणी मिळेना, तेव्हा खलाशांनी निवडुंगाची पाने पिळून तहान भागवली. इक्वेडोरचे सर्वांत मोठे पीक आणि त्याचे सर्वांत प्रसिद्ध पर्यटनस्थळ, दोन्हींच्या कथेत एकच माणूस असावा हा योगायोग विरळा. त्याला स्वतःला दोन्हींचे मोल कळले असण्याची शक्यता नाही. बेटांविषयी त्याचे मत तर अगदीच वाईट होते. बरोबर तीनशे वर्षांनी, सप्टेंबर १८३५ मध्ये, चार्ल्स डार्विन त्याच बेटांवर उतरला आणि मग त्यांना जगाच्या नकाशावर जागा मिळाली.

बेर्लांगाच्या काळात मुख्य भूमीवर इंका साम्राज्याचा शेवट झाला होता. नोव्हेंबर १५३२ मध्ये फ्रान्सिस्को पिझारोने सम्राट आताहुआल्पाला पेरूतील काहामार्का येथे कैद केले आणि पुढच्या वर्षी मारले. डिसेंबर १५३४ मध्ये सेबास्तियान दे बेलाल्काझारने जळालेल्या इंका नगरीच्या जागी स्पॅनिश किटो वसवले. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षे स्पेनचा अंमल चालला. १७३६ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञांचे पथक पृथ्वीचा आकार मोजायला इथे आले, ही त्या काळातली जगाने दखल घ्यावी अशी घटना. २४ मे १८२२ रोजी किटोवर नजर ठेवून असलेल्या पिचिंचा ज्वालामुखीच्या उतारावर आंतोनियो होसे दे सुक्रे याच्या सैन्याने स्पॅनिश फौज हरवली आणि देश स्वातंत्र्यसेनानी बोलिव्हारच्या कोलंबिया महासंघात गेला. १८३० मध्ये तो बाहेर पडून इक्वेडोर हे स्वतंत्र प्रजासत्ताक झाले. याच सुमारास, १८१८ मध्ये, खानदेश पेशव्यांकडून इंग्रजांकडे गेला होता आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज धुळ्यात नव्या जिल्ह्याची घडी बसवत होता. एका मुलखात साम्राज्य आले, दुसऱ्यातून गेले; पण शेतमाल परदेशी बाजाराला जोडण्याचे काम दोन्हीकडे सारख्याच वेगाने झाले.

हे जोडणे आधी केळीने केले नाही. खानदेशात ते कापसाने केले आणि इक्वेडोरमध्ये कोकोने. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि खानदेशातल्या कापसाला कधी न ऐकलेला भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळला, आणि तेजीत काढलेली कर्जे सावकाराच्या वहीत राहिली. इक्वेडोरची कोकोची तेजी जास्त टिकली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगातला सर्वांत मोठा कोको निर्यातदार हाच देश होता. मोठ्या मळ्यांचे मालक कुटुंबांसह पॅरिसमध्ये राहत आणि ग्वायाकिल या बंदराच्या शहरातल्या बँका सरकारला कर्ज देत. पहिल्या महायुद्धाने बाजार बंद केला, मागोमाग झाडांवर बुरशीचे दोन रोग पसरले आणि १९२० नंतर भाव पडले. १५ नोव्हेंबर १९२२ रोजी ग्वायाकिलमध्ये संपावर गेलेल्या कामगारांवर लष्कराने गोळीबार केला. शेकडो माणसे मेली. अनेक प्रेते ग्वायास नदीत टाकण्यात आली. दर वर्षी त्या दिवशी नदीत क्रूस सोडण्याची प्रथा पुढे पडली. एका पिकावर विसंबलेल्या देशाने त्या पिकाची किंमत कशी मोजली, हे पाहायचे तर कोकोची ही कहाणी पुरेशी आहे.

त्या काळात दोन्हीकडे रेल्वे आली आणि पुढच्या केळीच्या इतिहासावर तिने दूरचा परिणाम केला. मुंबईहून निघालेली जी. आय. पी. रेल्वे १८६० च्या दशकात जळगाव-भुसावळला पोहोचली. मार्च १८७० मध्ये ती खंडवा, इटारसीमार्गे जबलपूरला पूर्व भारताच्या लोहमार्गाशी जोडली गेली. सावदा, निंभोरा, रावेर ही स्थानके नेमकी याच मार्गावर आहेत. त्या वेळी रेल्वेने केळीचा विचार केला नव्हता, लक्ष कापसाकडे आणि टपालाकडे होते. तरीही खानदेशी केळीला दिल्लीचा बाजार मिळाला तो या एका लोहमार्गामुळे. इक्वेडोरमध्ये राष्ट्राध्यक्ष एलोय आल्फारो यांनी हट्टाने ग्वायाकिल-किटो रेल्वे पुरी करून घेतली; २५ जून १९०८ रोजी पहिली गाडी किटोत शिरली. एका कड्यावर तर गाडीला पुढे-मागे करत नागमोडी चढावे लागे. त्या कड्याला तिकडचे लोक सैतानाचे नाक म्हणतात. आल्फारोंना मात्र १९१२ मध्ये त्याच रेल्वेने कैदी म्हणून किटोला आणले गेले आणि जमावाने तुरुंगात घुसून त्यांची हत्या केली.

केळीचे युग सुरू झाले दुसऱ्या महायुद्धानंतर. तोवर उत्तर अमेरिकेची केळी होंडुरास, ग्वातेमाला, कोस्टारिका या मध्य अमेरिकी देशांतून येई. तिथे अमेरिकेच्या युनायटेड फ्रूट कंपनीचे राज्य होते. जमीन, रेल्वे, बंदर, कधी कधी सरकारही तिचेच. पण तिथल्या बागांना पनामा मर रोगाने पोखरले होते आणि सिगाटोकाने, म्हणजे खानदेशी बागाईतदार ज्याला करपा म्हणतो त्याने, पाने जाळली होती. वर कॅरिबियनची चक्रीवादळे. इक्वेडोरचा किनारा विषुववृत्ताजवळ असल्याने चक्रीवादळाच्या वाटेत येत नाही, जमीन नदीच्या गाळाची आणि रोग अजून पसरलेला नव्हता.

नैसर्गिक अनुकूलता मात्र याआधीही होतीच. फरक पडला तो १९४८ ते १९५२ या चार वर्षांत, गालो प्लाझा राष्ट्राध्यक्ष असताना. त्यांचे वडील लिओनिदास प्लाझा हेही राष्ट्राध्यक्ष होते. गालोंचा जन्म न्यूयॉर्कचा, शिक्षण अमेरिकेतले, आणि घरची मोठी शेती. त्यांच्या सरकारने शेतकऱ्यांना विकास बँकेमार्फत कर्ज दिले, किनाऱ्यावर रस्ते बांधले, बंदरे सुधारली आणि रोगनियंत्रणावर खर्च केला. निर्यातीचे मूल्य या चार वर्षांत सुमारे २० लाख डॉलरवरून २ कोटी डॉलरवर गेले, म्हणजे दहापट. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच इक्वेडोर जगातील पहिल्या क्रमांकाचा केळी निर्यातदार झाला. डोंगरातली माणसे हजारोंनी किनाऱ्यावर उतरली, जंगल तोडून बागा लावल्या गेल्या आणि देशाच्या लोकसंख्येचा तोल सिएरा या डोंगराळ प्रदेशावरून किनाऱ्याकडे झुकला. १९२४ नंतर आपली मुदत पूर्ण करणारे गालो प्लाझा हे पहिले राष्ट्राध्यक्ष ठरले. त्यांच्यानंतर आलेले होसे मारिया वेलास्को इबारा पाच वेळा राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांतली एकच मुदत पूर्ण करू शकले, ती १९५२ ते १९५६ ची, ऐन केळीच्या तेजीतली. तिजोरी भरलेली असली की सरकार टिकते, एवढाच त्याचा अर्थ.

या तेजीची खरी खूण ही की तिच्यात मोठ्या परदेशी कंपनीच्या मळ्यांपेक्षा देशी, मध्यम आणि लहान बागाईतदारांचा वाटा मोठा होता. कंपन्या माल विकत घेत, जहाजे आणि बाजार त्यांच्या हाती राहिला, पण जमीन बहुतांशी स्थानिकांची. जिथे कंपनीचा मळा होता तिथली गोष्ट वेगळी घडली. ग्वायाकिलच्या दक्षिणेला तेंगेल येथे युनायटेड फ्रूटने १९३४ मध्ये प्रचंड मळा घेतला होता. पनामा रोग पसरला, कंपनीने कामगार कमी केले, आणि १९६२ मध्ये उरलेल्या कामगारांनी मळ्यात शिरून जमीन ताब्यात घेतली. कंपनी निघून गेली. दोन वर्षांनी, १९६४ मध्ये, लष्करी सरकारने जमीन सुधारणा कायदा आणला. खानदेशात जमिनीचा प्रश्न याच्या बराच आधी उघडपणे मांडला गेला होता. डिसेंबर १९३६ मध्ये खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन यावल तालुक्यातल्या फैजपूरला, आजच्या केळीपट्ट्याच्या मध्यभागी झाले, आणि त्यात खंड, कर्ज व शेतमजुरी यांविषयीचा कृषी कार्यक्रम मंजूर झाला.

खानदेशातली केळी वाढली ती विहिरीच्या पाण्यावर. सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीपर्यंत उतरत आलेल्या काळ्या, खोल गाळाच्या जमिनीत आधी मोटेने, मग इंजिनाने, मग विजेच्या पंपाने पाणी उपसले गेले. बसराई ही बुटकी जात इथे रुजली. कंद ५ बाय ५ फुटांवर लागत. जूनमध्ये लावलेली ती मृगबाग आणि पावसाळ्यानंतर लावलेली ती कांदेबाग. पहिल्या घडाच्या मागे ठेवलेल्या पिलांवर घेतलेले पीक म्हणजे पिलबाग. ही नावे आजही रोजच्या भावाच्या फलकावर असतात आणि नवतीचा म्हणजे पहिल्या घडाचा, पिलबागेचा आणि वापसीचा म्हणजे हलक्या मालाचा दर वेगळा लिहिला जातो. माल गोळा करायला गावोगाव फ्रूट सेल सोसायट्या आणि खासगी केळी ग्रुप उभे राहिले. घड सावदा-रावेरच्या फलाटावर यायचे, वॅगनमध्ये केळीच्याच पानांच्या थरांत रचले जायचे आणि दिल्लीकडे निघायचे. पिकवण्याचे काम तिकडचा व्यापारी करी. ग्वायाकिलला त्याच काळात घड पाठीवर वाहून नदीतल्या पडावांत आणि पडावांतून जहाजात चढत. मजुराच्या खांद्यावरचा चिकाचा काळा डाग दोन्हीकडे सारखाच.

इक्वेडोरच्या केळीचा दुसरा टप्पा जात बदलण्याचा आहे, आणि खानदेशाला तो सर्वांत जवळचा. पहिल्या तेजीत जगभर विकली जाई ती ग्रो मिशेल ही जात. साल जाड, घड भक्कम, प्रवासात न मार लागणारी. पनामा रोगाला मात्र ती पूर्ण बळी पडे. १९६० च्या दशकात तिची जागा कॅव्हेंडिश गटाने घेतली. या गटाचे नाव इंग्लंडमधील डेव्हनशायरच्या सहाव्या ड्यूकच्या, विल्यम कॅव्हेंडिशच्या आडनावावरून पडले. त्याच्या बागेचा प्रमुख जोसेफ पॅक्स्टन याने काचघरात ती १८३० च्या दशकात वाढवली होती. कॅव्हेंडिश रोगाला दाद देत नव्हती, पण तिची साल नाजूक. अख्खा घड जहाजात टाकला की फळे काळी पडत. म्हणून फण्या बागेतच कापून, धुऊन, पुठ्ठ्याच्या खोक्यात भरण्याची पद्धत आली.

आज इक्वेडोरमधील माचालाजवळच्या एखाद्या बागेत हे काम पाहायला मिळते. केळफूल बाहेर पडले की घडावर प्लॅस्टिकची पिशवी चढते आणि त्या आठवड्याच्या ठरलेल्या रंगाची फीत बांधली जाते. कापणीच्या दिवशी आधी फीत पाहिली जाते. अमुक रंगाची फीत म्हणजे इतक्या आठवड्यांचा घड. कापलेला घड जमिनीला टेकत नाही. बागेतून धावणाऱ्या लोखंडी तारेवरच्या कप्प्यांना टांगला जातो आणि एक माणूस वीस-पंचवीस घडांची माळ ओढत पॅकिंगच्या शेडमध्ये आणतो. तिथे फण्या वेगळ्या होतात, पाण्याच्या हौदात चीक धुतला जातो, डागी फणी बाजूला पडते, प्रत्येक फणीवर छोटे लेबल चिकटते आणि खोके बंद होते. त्यानंतर ते १३-१४ अंश तापमानाच्या कंटेनरमध्ये जाते आणि युरोपात पोहोचेपर्यंत हिरवेच राहते.

बसराई हीही कॅव्हेंडिशच. खानदेशात जात बदलली असे म्हणण्यापेक्षा रोप बदलले असे म्हणणे योग्य. हा बदल १९९० च्या दशकात जैन उद्योगसमूहाने आणलेल्या ग्रँड नैन जातीच्या ऊतिसंवर्धित रोपांनी घडवला. भवरलाल जैन यांनी १९७८ मध्ये जळगावात केळीच्या भुकटीचा एक बंद पडायला आलेला कारखाना घेतला. त्यात केळीऐवजी पपईच्या चिकापासून पपेन तयार करून ते परदेशी विकायला सुरुवात केली. पपई ही मूळची अमेरिका खंडातली, तेव्हा व्यवहार एकतर्फी राहिला नाही. त्यानंतर ठिबक सिंचन आणि मग ऊतिसंवर्धन आले. कंदापासूनच्या बसराईला दीड वर्ष लागे, तिथे ठिबकवरच्या ग्रँड नैनचा घड वर्षाच्या आत कापणीला येऊ लागला आणि सगळी बाग एकदम तयार होऊ लागली. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. २०२१ मध्ये रावेर तालुक्यातील तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन मानांकित केळी दुबईला गेली. ग्रँड नैन ही जात इक्वेडोरच्या बागांतही मोठ्या प्रमाणावर आहे. रोपाच्या बाबतीत तांदलवाडी आणि माचाला यांच्यात आता फारसे अंतर उरलेले नाही.

अंतर आहे ते भावाच्या व्यवस्थेत. इक्वेडोरचे सरकार दर वर्षी निर्यातीच्या एका खोक्याची किमान किंमत कायद्याने ठरवते. उत्पादक आणि निर्यातदार यांच्या प्रतिनिधींची बोलणी होतात, एकमत झाले नाही तर मंत्रालय आकडा जाहीर करते. सुमारे १९ किलोच्या खोक्याला २०२३ साठी हा दर ६.५० डॉलर होता. व्यवस्था कागदावर उत्तम. प्रत्यक्षात युरोपची मागणी घटली की करार नसलेल्या लहान बागाईतदाराला निम्मा भावही मिळत नाही आणि तो ट्रॅक्टर आडवे लावून रस्ता रोखतो. जळगावात जाहीर भाव बऱ्हाणपूरच्या बाजाराकडे पाहून निघतो आणि फलकावरच्या दरापेक्षा कमीने कापणी होते ही तक्रार जुनी आहे. तरी तिकडच्या व्यवस्थेत एक गोष्ट घेण्यासारखी आहे: भाव वर्षाच्या सुरुवातीला ठरतो, माल कापायला आल्यावर नाही. केळी हे थांबून राहणारे पीक नव्हे. घड तयार झाल्यावर भावाची बोलणी करणारा शेतकरी आधीच हरलेला असतो.

हवामानाची लढाईही दोन्हीकडे वेगळी आहे. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, पाने भाजतात. पावसाळ्याच्या तोंडावर वादळ आले की एका रात्रीत कापणीला आलेली बाग आडवी होते. हिवाळ्यात थंडीने घड चिकटतो. म्हणून हवामानावर आधारित फळपीक विमा हा जळगावात घराघरातला विषय आहे. इक्वेडोरला ऊन, थंडी, वादळ यांतले काही नाही, पण एल निनोच्या वर्षी पूर येतो. १९८२-८३ आणि १९९७-९८ च्या पावसाने तिथल्या बागा, रस्ते आणि पूल वाहून नेले. पाण्याची चिंता मात्र खानदेशाचीच अधिक. यावल-रावेरचे भूजल वर्षानुवर्षे खाली गेले आहे. तापीवरचे हतनूर धरण असले तरी बहुतेक केळी अजून विहिरी आणि बोअरच्याच आधारावर आहे. धुळे जिल्ह्यात निवृत्त भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले खोल-रुंद करून पाणी मुरवण्याचे जे काम झाले, ते शिरपूर पॅटर्न म्हणून महाराष्ट्रभर गेले.

इक्वेडोरचा पुढचा इतिहास केळीच्या हातून निसटून तेलाच्या हाती गेला. १९६७ मध्ये ॲमेझॉनच्या जंगलात तेल सापडले, १९७२ मध्ये निर्यात सुरू झाली आणि तेलाचे पहिले पिंप किटोच्या रस्त्यांवरून मिरवत नेले गेले. तेलावर काढलेली कर्जे, पडलेले भाव आणि १९९९ मधील बँकांचे दिवाळे यांनी चलन संपले. ९ जानेवारी २००० रोजी राष्ट्राध्यक्ष हामिल माहुआद यांनी सुक्रे हे जुने चलन रद्द करून अमेरिकन डॉलर हेच देशाचे चलन जाहीर केले. दर ठरला एका डॉलरला २५,००० सुक्रे. दोन आठवड्यांत माहुआद यांची सत्ता गेली, डॉलर राहिला. केळी मात्र संपली नाही. तेल वगळता निर्यातीत तिचे स्थान अग्रभागी आहे आणि तिने एक राष्ट्राध्यक्षही दिला. पहिल्या तेजीत लुईस नोबोआ यांनी उभारलेल्या केळी निर्यातीच्या साम्राज्याचे वारस डॅनियल नोबोआ ऑक्टोबर २०२३ मध्ये निवडून आले आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा. त्यांच्या वाट्याला आलेला देश शांत नाही. शेजारच्या कोलंबिया आणि पेरूत तयार होणारे कोकेन ग्वायाकिलच्या बंदरातून, अनेकदा केळीच्याच कंटेनरमधून, युरोपात जाते. ऑगस्ट २०२३ मध्ये निवडणुकीतले एक उमेदवार फर्नांदो विलाविसेन्सियो यांची किटोत हत्या झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये सरकारने टोळ्यांविरुद्ध अंतर्गत सशस्त्र संघर्ष जाहीर केला.

म्हणून जाणाऱ्याने ग्वायाकिल आणि किनाऱ्यावरच्या शहरांविषयीच्या ताज्या सूचना पाहून मगच बेत ठरवावा. भारतातून थेट विमान नाही. युरोप किंवा अमेरिकेमार्गे जावे लागते. भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा घ्यावा लागतो. पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी टोचून प्रमाणपत्र जवळ ठेवणे आवश्यक, कारण ते नसेल तर परतताना भारतातच विलगीकरणात राहण्याची वेळ येते. वीज १२० व्होल्टची आहे. तिकडचे घड्याळ भारताच्या साडेदहा तास मागे. किटोत पहिल्या दिवशी जिने चढतानाही धाप लागते, तेव्हा घाई करू नये. किटोचा जुना भाग १९७८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या पहिल्याच यादीत आला. चिंबोरासो हे ६,२६३ मीटरचे शिखर एव्हरेस्टहून बरेच ठेंगणे, तरी विषुववृत्ताजवळ पृथ्वी फुगीर असल्यामुळे तिच्या मध्यापासून सर्वांत दूर असलेला बिंदू हेच. पनामा हॅट नावाने विकली जाणारी गवताची टोपी मूळची इथलीच, मोंतेक्रिस्ती गावची. शाकाहारी खानदेशी माणसाची किनाऱ्यावर उपासमार होणार नाही. हिरव्या केळीच्या पातळ कापांना तिथे चिफ्लेस म्हणतात आणि ते जळगावच्या वेफर्सचे सख्खे भाऊ आहेत. जाड काप दोनदा तळून, मध्ये ठेचून केलेले पाताकोनेस जवळपास प्रत्येक जेवणात असतात. भरीत मात्र मिळणार नाही.

केळीची बाग पाहायची असेल तर एक खबरदारी अटळ आहे. ग्रो मिशेलला संपवणाऱ्या पनामा रोगाचा नवा प्रकार, टीआर-४, कॅव्हेंडिशलाही मारतो. त्यावर औषध नाही आणि त्याची बुरशी मातीत कित्येक दशके जिवंत राहते. दक्षिण अमेरिकेत तो २०१९ मध्ये कोलंबियात, २०२१ मध्ये पेरूत सापडला. भारतात बिहार आणि उत्तर प्रदेशात आधीच आलेला आहे. इक्वेडोरच्या बागेच्या फाटकाशी पाहुण्याला बूट जंतुनाशकात बुडवल्याखेरीज आत सोडत नाहीत, काही ठिकाणी बागेचेच बूट घालायला देतात. यावल-रावेरच्या बागाईतदारांनी आणि शिरपूरच्या तरुण शेतकऱ्यांनी तिकडे जरूर जावे. पण आपले शेतातले बूट घरी ठेवावेत, तिथे वापरलेले तिथेच टाकून यावेत आणि कितीही मोह झाला तरी कंद, पील किंवा चिमूटभर मातीही बॅगेत घालून आणू नये.